चेन नवी, दाते जुने

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस माझ्या दवाखान्यात एक निवृत्त गणितशिक्षक आले. वय 71. उजव्या नडगीवर पाच टाके घालावे लागतील एवढी जखम, दोन्ही तळहात सोललेले, आणि चेहऱ्यावर वेदनेपेक्षा संकोचच अधिक. सोबत मुलगा होता. "सायकलवरून पडले," एवढेच तो म्हणाला. पण ते कोणत्या सुरात म्हणाला असेल, याची कल्पना आपणांपैकी अनेकांना सहज येईल.

मी जखम धुतली, टाके घातले, धनुर्वाताचे इंजेक्शन दिले आणि सवयीने बोलून गेलो, "सर, आता सायकल पुरे झाली." मुलाने मान डोलावली. त्याच संध्याकाळी सायकलच्या कुलपाची किल्ली त्याच्या खिशात गेली.

साडेतीन महिन्यांनी सर मधुमेहाच्या नेहमीच्या तपासणीसाठी आले. वजन तीन किलोंनी वाढलेले. तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगणारी चाचणी 7.2 वरून 8.1 वर गेलेली. गुडघे पूर्वीपेक्षा ताठर. त्यांच्या पत्नी हळूच म्हणाल्या, "डॉक्टर, हे हल्ली दुपारभर पडून असतात. कोपऱ्यावरून भाजी आणायची तरी मुलाची वाट बघतात." सर स्वतः काहीच बोलले नाहीत. निघताना मात्र दारात थांबून म्हणाले, "डॉक्टर, मी का पडलो, हे आपण मला विचारलेच नाही."

तीस वर्षांच्या व्यवसायात रुग्णाने माझी इतकी नेमकी चूक क्वचितच दाखवून दिली असेल. निदान न करताच मी उपचार सांगून मोकळा झालो होतो. हा लेख त्या चुकीच्या दुरुस्तीविषयी आहे. आणि ती दुरुस्ती बरीचशी सायकलच्या मागच्या चाकात होती, म्हणून तो मागच्या गिअरविषयीही आहे.

माणूस पडला की यंत्राने पाडले?

वयस्कर व्यक्ती सायकलवरून पडली की घरातले पहिले वाक्य ठरलेले असते : "वय झाले." परंतु पडण्याची कारणे दोन वर्गांत मोडतात. एक, माणसाच्या बाजूची : चक्कर, डोळ्यांपुढे अंधारी, छातीत धडधड, साखर उतरणे, तोल जाणे, बाजूने येणारे वाहन न दिसणे. दुसरी, यंत्राच्या आणि रस्त्याच्या बाजूची : ब्रेक न लागणे, खड्डा, वाळू, आणि गिअरची चेन सटकणे. या दोहोंवरचे उपाय अगदी भिन्न आहेत. म्हणून पडलेल्या माणसाला शांतपणे तीन प्रश्न विचारावेत. पडण्यापूर्वी काय जाणवले? पडतानाचे सगळे आठवते का? सायकलचा काही आवाज झाला का?

सरांना मी हे प्रश्न साडेतीन महिन्यांनी विचारले. उत्तर तयारच होते. "आमच्या गल्लीच्या चढावर रिक्षा आडवी आली म्हणून थांबलो. पुन्हा निघताना उजव्या पायाने जोर दिला. मागे 'कट्ट' असा आवाज झाला, पॅडल एकदम रिकामे खाली गेले, पाय घसरला आणि पॅडलची धार नडगीवर बसली. सगळे लख्ख आठवते." अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी वसलेल्या आमच्या साताऱ्यात सपाट रस्ता म्हणजे दोन चढांमधली विश्रांती, तेव्हा चढावरून निघणे हा इथल्या सायकलस्वाराचा रोजचाच प्रसंग. आणि 'कट्ट' हा आवाज माणसाच्या शरीरातून येत नाही.

तरीही मी माणसाची तपासणी आधी केली. बसून व उभे राहून रक्तदाब पाहिला, नाडी पाहिली, पायांच्या तळव्यांची संवेदना तपासली, डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवले. भिंतीजवळ एका पायावर त्यांना दहा सेकंद उभे केले. ते निर्धास्त उभे राहिले. मग एका रविवारी त्यांचा मुलगा, मी आणि सायकल असे तिघे एका जुन्या सायकल दुरुस्तीच्या दुकानात गेलो. सरही मागोमाग चालत आलेच.

मिस्त्रींचे निदान

सायकल नव्वदच्या दशकातली, 26 इंची चाकांची, पुढे तीन आणि मागे सहा चक्रांची. मिस्त्रींनी ती उलटी केली, पॅडल हाताने फिरवले आणि विचारले, "चेन कधी बदलली?"

"पडलो त्याच्या आदल्याच महिन्यात. चेन नवी कोरी होती," सर म्हणाले.

"म्हणून तर घात झाला. चेन नवी, दाते जुने."

वाचकहो, हे वाक्य समजून घेण्यासाठी मागच्या गिअरची रचना थोडी पाहू. मागच्या चाकाच्या उजव्या बाजूला लहान-मोठ्या दातेरी चक्रांचा एक संच असतो. जुन्या सायकलींवर तो बहुधा फ्रीव्हीलच्या स्वरूपात, म्हणजे हबवर आट्याने घट्ट बसवलेला असतो. त्याखाली दोन छोट्या चाकांचा जो लोंबता सांगाडा दिसतो, तो डिरेलर. हँडलवरची लिव्हर सरकवली की तार ओढली जाते किंवा सैल पडते, डिरेलर आत-बाहेर सरकतो आणि चेनला एका चक्रावरून शेजारच्या चक्रावर नेऊन बसवतो.

चेनच्या दोन सांध्यांमधले अंतर बरोबर अर्धा इंच असते. चेन 'ताणली' असे आपण म्हणतो. पण लोखंड ताणले जात नाही, सांध्यांतल्या पिना झिजतात आणि प्रत्येक सांधा किंचित ढिला होतो. शंभराहून अधिक सांध्यांचा हा ढिलेपणा एकत्र झाला की चेन लांबते. लांबलेली चेन दात्यांच्या टोकाकडे चढून बसते आणि त्यांनाही स्वतःच्या मापाने झिजवत नेते. दाते वाकड्या नखीसारखे होतात. दोघेही बरोबरीने झिजलेले असल्यामुळे गाडी कशीबशी चालत राहते. अशा वेळी फक्त चेन बदलली, तर नव्या चेनचे अचूक माप जुन्या, झिजलेल्या दात्यांशी जुळत नाही. हलक्या हाताने फिरवताना काही कळत नाही. अंगाचा सगळा भार पॅडलवर पडतो त्या क्षणी मात्र चेन दात्यावरून उडी मारते. ज्या चक्राचा वापर अधिक, त्यावर हा धोका अधिक. सरांचे मधले चक्र तसेच होते.

मुलगा बराच वेळ त्या दात्यांकडे पाहत होता. चेन बदलून आणणारा तोच होता. काळजीपोटी केलेले काम अर्धे राहिले होते, एवढाच त्याचा दोष. माझा दोष त्याहून मोठा होता, हे मी तिथेच कबूल केले.

दुरुस्ती आणि थोडी सुधारणा

फ्रीव्हील काढायला त्याच्या खाचांत नेमके बसणारे हत्यार लागते. वर्षानुवर्षे पॅडलच्या प्रत्येक जोरासरशी ते अधिकाधिक घट्ट होत गेलेले असते. मिस्त्रींनी हत्यार शिकंज्यात पकडले, चाक त्यावर आडवे ठेवले आणि मोटारीच्या चक्रासारखे घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरवले. दुसऱ्या झटक्याला ते सुटले. छिन्नी-हातोडीने फ्रीव्हील काढण्याची तयारी कोणी दाखवली, तर नम्रपणे दुसरे दुकान गाठावे. त्यात हबचे आटे जायबंदी होऊ शकतात.

आता नवे फ्रीव्हील कोणते, हा प्रश्न आला आणि येथे दुरुस्तीबरोबर सुधारणेचीही संधी होती. जुन्या संचातले सर्वांत मोठे चक्र 28 दात्यांचे होते. त्याऐवजी सात चक्रांचा, 14 पासून 34 दात्यांपर्यंतचा संच मिळत होता. फरक काय पडतो, याचे गणित सरांनी दुकानातल्या खडूने फरशीवरच मांडले. त्यांचे पुढचे मधले चक्र 38 दात्यांचे. 26 इंची चाकाचा एक फेरा सुमारे 2.07 मीटरचा. मागे 28 दाते असतील, तर पॅडलच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे 2.81 मीटर पुढे जाते. 34 असतील, तर 2.31 मीटर. म्हणजे तोच चढ चढताना प्रत्येक फेऱ्याला पायावर पडणारा जोर सुमारे 18 टक्क्यांनी कमी होतो. फेरे अधिक मारावे लागतात, हे खरे. परंतु झिजलेल्या गुडघ्याला जड असे थोडे फेरे सोसत नाहीत, हलके असे पुष्कळ फेरे मानवतात.

मात्र मोठे चक्र बसवले की त्याच्याशी संबंधित बाकीच्या गोष्टीही बदलाव्या लागतात. जुन्या डिरेलरची पोच 34 दात्यांपर्यंत नव्हती, म्हणून तेवढी क्षमता असलेला साधा डिरेलर घेतला. जुन्या मापाला कापलेली चेन मोठ्या चक्रावर अपुरी पडली असती आणि ताणून तिने डिरेलरच ओढून मोडला असता. म्हणून योग्य लांबीची चेन घातली. सहा खटक्यांची लिव्हर सात चक्रांशी जुळत नाही, तीही बदलली. तार आणि तिचे बाहेरचे आवरण दोन्ही नवे टाकले. गंजलेल्या आवरणात नवी तारसुद्धा अडखळते. सर्वांत लहान चक्र चौकटीला घासू नये म्हणून आसावर एक पातळ वॉशर चढवला, आणि फ्रीव्हीलच्या आट्यांना ग्रीस लावूनच ते बसवले, जेणेकरून पुढच्या वेळी ते सुटेल.

आठ चक्रांचे फ्रीव्हील घ्यावे का, असे मुलाने विचारले. मिस्त्रींनी नकार दिला. फ्रीव्हील जितके रुंद, तितका मागचा आस आधाराविना बाहेर राहतो आणि वाकण्याचा किंवा मोडण्याचा संभव वाढतो. सात पुरेत. एकूण खर्च दोन हजारांच्या आसपास आला.

शेवटी डिरेलरवरच्या दोन बारीक स्क्रूंची जुळणी झाली. हे स्क्रू प्रत्येक सायकलस्वाराच्या घरच्यांनी ओळखावेत. त्यांवर इंग्रजी 'एच' आणि 'एल' ही अक्षरे असतात. पहिला चेनला लहान चक्राच्या बाहेर पडू देत नाही. दुसरा तिला मोठ्या चक्रापलीकडे, चाकाच्या तारांमध्ये जाऊ देत नाही. दुसरा स्क्रू चुकीचा असेल तर डिरेलर चालत्या चाकात अडकून चाक जागीच थांबू शकते. वयस्कर माणसासाठी हे पडणे नडगीच्या जखमेवर भागत नाही. त्यात खुब्याचे हाड मोडू शकते.

घरच्या घरी पाहण्याजोगे

आपल्या घरात जुनी गिअरची सायकल वापरात असेल, तर येत्या रविवारी पुढील गोष्टी पाहाव्यात.

1. सर्वप्रथम ब्रेक. दोन्ही ब्रेक दाबून सायकल पुढे ढकलून पाहा. ब्रेक ठीक नसतील, तर गिअरचा विचार नंतर.

2. चेनवर फूटपट्टी धरा. एका पिनेच्या मध्यापासून मोजल्यावर नव्या चेनची चोविसावी पिन बरोबर 12 इंचांवर येते. ती एक षोडशांश इंच, म्हणजे दीड मिलिमीटरहून थोडी अधिक पुढे गेली असेल तर चेन बदलावी. एक अष्टमांश इंच, म्हणजे तीन मिलिमीटरहून अधिक पुढे गेली असेल, तर चेनबरोबर बहुधा फ्रीव्हीलही बदलावे लागेल.

3. मागचे दाते पाहा. ते एका बाजूला वाकलेल्या टोकदार नखीसारखे दिसत असतील, तर ते संपले आहेत.

4. सायकलच्या मागे बसून डिरेलरकडे पाहा. त्याची दोन छोटी चाके वरच्या चक्राच्या सरळ रेषेत हवीत. सायकल कधी उजव्या बाजूला पडली असेल, तर डिरेलरचा आधार आत वाकलेला असू शकतो. तो दुकानातच सरळ करून घ्यावा.

5. तारेची टोके विसकटलेली किंवा आवरण गंजलेले असेल, तर तार तुटण्याची वाट पाहू नये.

आणि सर्वांत महत्त्वाचे : दुरुस्तीनंतरची पहिली फेरी वयस्कर व्यक्तीने मारू नये. घरातल्या तरुणाने मोकळ्या जागी, सौम्य चढावर, प्रत्येक गिअरमध्ये जोर देऊन पाहावे. चेन सटकायची असेल तर ती तेथेच सटकू दे. सरांच्या बाबतीत हे काम मुलाने केले. शाळेच्या मैदानामागच्या चढावर त्याने पंधरा-वीस फेऱ्या मारल्या.

गुडघा आणि गिअर

आता माझ्या विषयाकडे येतो. सायकल चालवताना शरीराचा बराचसा भार सीटवर असतो, म्हणून गुडघ्यांच्या संधिवातात हा व्यायाम पुष्कळांना चालण्यापेक्षा सुसह्य वाटतो. परंतु जड गिअर आणि बुटकी सीट या दोन गोष्टी तो लाभ हिरावून घेतात. सीट खूप खाली असेल, तर गुडघा अधिक दुमडतो आणि वाटीमागचा दाब वाढतो. साधे माप असे : सीटवर बसून टाच पॅडलवर ठेवा, पॅडल सर्वांत खाली असताना पाय जवळजवळ सरळ व्हावा. मग नेहमीप्रमाणे चवडा पॅडलवर ठेवला की गुडघ्यात थोडासा बाक राहतो. जमिनीला पाय टेकण्याची धास्ती असणाऱ्यांनी सीट एक-दोन बोटे खाली ठेवावी, पण त्याहून अधिक नाही.

गिअर बदलण्याची शिस्तही शिकावी. चेन फिरत असेल तेव्हाच गिअर बदलतो, म्हणून थांबण्यापूर्वीच हलका गिअर घ्यावा, थांबल्यानंतर नव्हे. बदलताना पायाचा जोर क्षणभर कमी करावा. चढ लागल्यावर नव्हे, चढ दिसल्यावर गिअर बदलावा. मिनिटाला साठ-सत्तर फेरे सहज पडतील असा गिअर योग्य. चालवताना पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे. धाप लागून वाक्य तुटत असेल, तर गिअर आणखी हलका करावा किंवा उतरून चालावे. उतरून चालण्यात कसलाही कमीपणा नाही. अंगठ्याच्या सांध्यात दुखणाऱ्यांनी लिव्हर विकत घेण्यापूर्वी दुकानात दहा वेळा दाबून पाहावी.

एक मर्यादाही सांगतो. सायकलने हृदय, स्नायू आणि साखर यांना लाभ होतो. हाडांच्या बळकटीसाठी मात्र पायांवर भार घेणारे चालणे आणि हलके ताकदीचे व्यायाम वेगळे करावेच लागतात.

कोणी आधी डॉक्टरांना विचारावे

ज्यांना चक्कर येते, उभे राहताच अंधारी येते, नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेला आहे, छातीत दुखते, फिट येते किंवा दृष्टी अलीकडे कमी झाली आहे, त्यांनी तपासणीशिवाय सायकलवर बसू नये. रक्त पातळ ठेवणारी औषधे घेणाऱ्यांना डोक्याला मार लागल्यास मेंदूत रक्तस्राव होण्याचा धोका अधिक. त्यांनी डॉक्टरांशी बोलूनच ठरवावे, आणि डोक्याला मार बसला तर बरे वाटत असले तरी त्वरित रुग्णालय गाठावे. झोपेच्या किंवा गुंगी आणणाऱ्या गोळ्यांचा अंमल सकाळपर्यंत राहू शकतो. इन्सुलिन किंवा साखर एकदम उतरवू शकणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी उपाशीपोटी निघू नये आणि खिशात साखर किंवा ग्लुकोज ठेवावे. हेल्मेट सर्वांनीच घालावे.

किल्ली कोणाकडे?

काळजीवाहू कुटुंबीयांना मला येथे थोडे थांबवायचे आहे. आपली भीती खोटी नाही. सत्तरीनंतरचे एक अस्थिभंग घराचे वर्ष बदलून टाकते, हे मी पाहिलेले आहे. पण सायकल काढून घेतल्यावर काय होते, तेही मी आता पाहिले आहे. भाजी, ग्रंथालय, पेन्शनचे काम, मित्राचे घर हे सारे एका किल्लीबरोबर कुलपात जाते, आणि ते कोणत्याही रक्तचाचणीत लगेच दिसत नाही.

सरांच्या घरी आम्ही चौघांनी बसून काही गोष्टी ठरवल्या. सकाळच्या उजेडातच सायकल, महामार्ग आणि मुख्य चौक नाही, पावसात नाही, खिशात नाव, औषधे आणि मुलाचा फोन लिहिलेला कागद, दर सहा महिन्यांनी डोळे, तोल आणि सायकल या तिन्हींची तपासणी. आणि सायकल केव्हा सोडायची, हेही तेव्हाच ठरवले : एकदाही चक्कर आली, कारण सापडत नाही असे एकदाही पडणे झाले, किंवा बाजूने येणारे वाहन दिसेनासे झाले, तर वाद न घालता थांबायचे. हा शेवटचा नियम सरांनी स्वतः सुचवला. आपण दिलेल्या शब्दाला बांधील राहणे माणसाला सोपे जाते. दुसऱ्याने हिसकावलेल्या किल्लीशी समेट करणे कठीण.

या गोष्टीला आता पाच महिने झाले. साखरेची चाचणी 7.5 वर आली आहे. पूर्वीच्या आकड्यावर अजून नाही. गुडघे दुखतात, पण सकाळचा ताठरपणा कमी आहे. गल्लीतला चढ सर 34 दात्यांवर सावकाश चढतात आणि अर्ध्यावर कधीकधी उतरतात. किल्ल्या दोन आहेत, एक मुलाकडे आणि एक त्यांच्याकडे.

सायकल त्यांना कधीतरी सोडावी लागेलच, हे तेही जाणतात आणि मीही. तो निर्णय त्या दिवशी त्यांच्या डोळ्यांवरून, तोलावरून, प्रकृतीवरून व्हावा. झिजलेल्या दात्यांवरून होऊ नये. आपल्या घरातही कोणी नुकतेच पडले असेल, तर काही बंद करण्यापूर्वी त्यांच्याजवळ बसा आणि विचारा, नेमके काय झाले?